ॲग्नेस नी कॅम्पबेल

दर सर्वपित्री अमावास्येला चिटणीसकाका आमच्या शारजाच्या गच्चीवर दोन परक्या माणसांची पानं मांडायचे. एक आर्चिबाल्ड पर्डी यांचं, दुसरं त्यांच्या पत्नी ॲग्नेस यांचं. दोघं स्कॉटलंडहून बोटीने कॅनडात गेलेली, तिथे लाकूड कापायची गिरणी घातलेली आणि कधीच वारलेली. चिटणीसांशी त्यांचं ना नातं ना गोतं. तरी केरळवाल्याच्या दुकानातून आणलेल्या केळीच्या पानावर वरणभात, वडे, खीर, आणि एका कोपऱ्यात 'त्यांना सवय असेल' म्हणून लोणी लावलेला पावाचा तुकडा. मग पाण्याच्या टाकीच्या सावलीत उभे राहून आम्ही शारजाच्या कावळ्याची वाट बघायचो.

"यांच्या घरचं कुणी यांचं करत नसेल का तिकडे?" पहिल्या वर्षी मी विचारलं.

"करत असल्याचा पुरावा नाही," काका म्हणाले.

पुरावा हा त्यांचा श्वास होता. बिल्डिंगचा पठाण वॉचमन म्हणाला, "पानी कल आयेगा, इन्शाल्ला," की हे म्हणणार, "इन्शाल्ला ठीक आहे खानसाब, लेकिन प्रूफ?" भात शिजला म्हटलं तर झाकण काढून शीत दाबून बघणार. स्वतःच्या आईवडिलांचं आणि वारलेल्या पत्नीचं श्राद्ध गावाला धाकटा भाऊ करायचा. तो दरवर्षी तसं पोस्टकार्डावर लिहून पाठवी आणि ते कार्ड फाइलला लागे.

"आणि त्यांचा तो मुलगा? कॅम्पबेल? त्याचं पान नाही मांडायचं?" मी विचारलं.

"तो गेल्याचा पुरावा नाही."

"अहो काका, शंभराच्या वर वर्षं झाली!"

"मग? आहे का पुरावा? दाखव."

मी आठवीतून शाळा सोडलेला माणूस. मी काय दाखवणार?

माझी नि त्यांची ओळखसुद्धा पुराव्यानेच झाली. नव्वद सालानंतरची गोष्ट. मी माणगाव तालुक्यातून एका एजंटच्या शब्दावर ड्रायव्हर म्हणून आलो, तर ज्या कंपनीत कामाला लागायचं त्या कंपनीला कुलूप. रोला चौकातल्या झाडाखाली बॅग मांडीवर घेऊन दोन दिवस बसलो होतो. पोलीस दिसला की उठून चालायला लागायचं नि तो गेला की परत येऊन बसायचं. तिसऱ्या दिवशी इस्त्रीच्या शर्टातला, खिशाला तीन पेनं लावलेला एक गृहस्थ समोर येऊन उभा राहिला.

"मराठी का?"

"हो."

"पुरावा?"

मी इतका घाबरलो होतो की बे एके बे म्हणायला लागलो. त्यांनी बे दाहे वीसपर्यंत शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "चल, जेव." त्यांच्या खोलीत तिसरी खाट पडली ती माझी. त्यांच्याच कंपनीत, दुबईतल्या देऱ्याला, त्यांनी मला चिकटवलं. रस्त्यावरच्या खुणांची चित्रं कागदावर काढून माझ्याकडून लायसनचा अभ्यास करून घेतला. आज मी जो काही दोन घास खातो, त्यातला पहिला त्यांच्या हातचा. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मी त्यांना हसणार आहे.

आमची कंपनी जहाजांचे सुटे भाग विकायची. काका तिथे कागदपत्रांचे क्लार्क. त्यांचं इंग्रजी पक्कं, पण ते मालाच्या यादीचं आणि जहाजाच्या पावतीचं. रोज सकाळी मी कंपनीची पिकअप काढायचो, ते शेजारी बसायचे आणि शारजाहून दुबईला जाणाऱ्या अफाट जॅममध्ये आम्ही अडकायचो. दीड तास, कधी दोन. मला घाम फुटायचा. अरबाब, म्हणजे मालक, ओरडेल, व्हिसा कॅन्सल करेल, परत त्या झाडाखाली बसवेल. काका मात्र पाय पसरून म्हणायचे, "हां, तर कॅम्पबेल." तो जॅम म्हणजे त्यांचं व्याख्यानाचं सभागृह होतं आणि श्रोता दार उघडून पळू शकत नव्हता.

पर्डी मंडळी काकांच्या आयुष्यात एका टेबलातून आली. देश सोडून जाणारे गोरे साहेब सामान विकून जातात, त्या जुन्या फर्निचरच्या बाजारातून त्यांनी लिहायला एक टेबल घेतलं. खणात जाडजूड बायबल निघालं. कुण्या कॅनडाच्या इंजिनीअरचं असावं, तो तर विमानात बसूनही गेला होता. दुसरा कुणी असता तर चर्चमध्ये देऊन मोकळा झाला असता. काका म्हणाले, "मालकाला पोचवलं पाहिजे. माल ज्याचा त्याला." आणि मालक शोधायला म्हणून त्यांनी पहिलं पान उघडलं. त्यावर जुन्या वळणाच्या अक्षरात घराण्याची नोंद होती. वर ओंटारियोतल्या एका परगण्याचं नाव. खाली 'आर्चिबाल्ड पर्डी'. त्याखाली 'Agnes nee Campbell'. आणि त्याच्या खाली, 'रॉबर्ट कॅम्पबेल पर्डी'.

काकांनी मला ते पान दाखवलं तेव्हा मी अक्षर अक्षर जुळवून वाचलं, "ॲग्नेस नी कॅम्पबेल." मला त्यात काहीच खटकलं नाही. आमच्याकडे असंच बोलतात. मी नी तू, भात नी आमटी.

"बघ!" काका खूश. "आपल्यासारखंच लिहिलंय. नी! त्यांची जुनी भाषा आणि मराठी कुठेतरी बहिणी असणार. यावर एका विद्यापीठाला पत्र लिहायचंय. पेंडिंग आहे."

म्हणजे माणसं तीन. बाप आर्चिबाल्ड, आई ॲग्नेस, मुलगा कॅम्पबेल. आणि हा रॉबर्ट? काकांनी बोट ठेवलं. "रॉबर्ट कॅम्पबेल पर्डी. मधलं नाव कुणाचं असतं? बापाचं. तुझं काय आहे, दिनेश पांडुरंग. म्हणजे रॉबर्ट हा कॅम्पबेलचा मुलगा. याला म्हणतात पुरावा. पण कॅम्पबेलची स्वतःची ओळ कुठाय? जन्म नाही, लग्न नाही, काही नाही. आईच्या शेजारी चिकटून नुसतं नाव. का?"

"का?"

"कारण बापाने नोंद केली नाही. भांडण झालं असणार."

त्या भांडणावर आम्ही सहा वर्षं जॅम काढले. गिरणी चालवायची नाही म्हणाला कॅम्पबेल. नाही, शिकायला पाठवला होता, ते सोडून आला. कधी बर्फात निघून गेला, कधी वसंतात. पात्रं तीच, तपशील बदलायचे. एक गोष्ट मात्र कधी बदलली नाही. "आर्चिबाल्ड एक वाक्य बोलला असणार, दिनेशराव," ते समोरच्या टँकरकडे बघत म्हणायचे. "एकच. बापाने बोलू नये असं. आणि बोलून झाल्यावर जेवायला बसला असणार."

या सगळ्याच्या दोन बॉक्स फाइली होत्या, 'पर्डी – आवक' आणि 'पर्डी – जावक'. काका ऑफिस सुटल्यावर टाइप करायला बसायचे आणि परगण्यातल्या एकेका गावाच्या लायब्ररीला, चर्चला पत्र लिहायचे. पाकीट डिंकाने बंद करून मला द्यायचे आणि मी ते पोस्टात टाकायचो. उत्तरं कंपनीच्या पोस्ट बॉक्समध्ये यायची, कारण या देशात घरी पत्र येतच नाही. त्या बॉक्सची किल्ली माझ्याकडे. काकांना एकदा दुसऱ्या कंपनीने मोठी जागा देऊ केली होती, अबुधाबीला. गेले नाहीत. कारण काय, तर बॉक्स नंबर बदलेल. "पत्ता बदलला की माणूस हरवतो," म्हणाले. मी मनात म्हटलं, या कॅनडावाल्यांच्या नादाने हा माणूस साफ कामातून गेला.

आमच्या खोलीत तिसरे सावंत. मालवणचे, पाइप फिटर. ते कामावरून आले की हेल्मेट खुंटीला लावायच्या आधी विचारायचे, "काय ओ चिटणीसानू, तुमचो कॅनडावालो काय म्हणता? गावलो?"

"पेंडिंग," काका म्हणायचे.

"सोडून द्या ओ. खलास करा."

'खलास' हा शब्द काकांना चालायचा नाही. इथे सगळ्यालाच खलास म्हणतात. दूध संपलं, खलास. नोकरी गेली, खलास. माणूस मेला तरी खलास. काका म्हणायचे, "हबीबी, फाइल बंद झाल्याशिवाय खलास म्हणू नये. तोवर पेंडिंग."

त्यांना मुलगा होता हे मला माहीत होतं. अभिजित. दुबईतच वाढलेला, पुढे कॅनडात शिकायला गेलेला. काकू गेल्यावर देऱ्यातला फ्लॅट सोडून काका शारजाच्या खाटेवर आले होते. कपाटाच्या दाराला आतून एक फोटो चिकटवलेला असे, शाळेच्या टायमधला, ओठ घट्ट मिटलेला पोरगा. मुलगा कसा आहे विचारलं की काका म्हणायचे, "मजेत." या माणसाच्या सोबत राहून मी सगळ्या जगाला पुरावा मागायला शिकलो, पण या एका शब्दाला मात्र कधी मागितला नाही.

शेवटचं पत्र भाद्रपदात आलं. इथे त्या दिवसांत सकाळी सातलाच हवा ओल्या फडक्यासारखी तोंडाला चिकटते. आदल्या दुपारी मी बॉक्समधून आणून काकांना दिलं, पण ते उघडत नसत. कॅनडाचं पत्र जॅममध्येच उघडायचं आणि मीच वाचायचं, माझं इंग्रजी सुधारावं म्हणून. अल नहदाच्या अलीकडे गाड्या ठप्प झाल्या, तसं त्यांनी पाकीट माझ्या हातात दिलं.

"वाच. स्पष्ट."

मी स्टिअरिंगवर कागद टेकवला. लायब्ररीतल्या बाईंनी लिहिलं होतं. "डिअर मिस्टर चिटणीस. थँक यू फॉर युवर चार्मिंग लेटर. आय ॲम अफ्रेड देअर वॉज नो सन कॉल्ड कॅम्पबेल. कॅम्पबेल वॉज मिसेस पर्डीज मे… मेडन नेम."

मेडन! ओळखीचा शब्द भेटल्याचा मला आनंद झाला. शारजात राहून क्रिकेट कुणाला येत नाही?

"काका, मेडन म्हणजे ज्या ओव्हरमध्ये काहीच निघत नाही, ती ना?"

मी त्यांच्याकडे बघितलं तर ते खिडकीबाहेर बघत होते.

"हो," ते म्हणाले. "काहीच निघत नाही. पुढे वाच."

पुढे बाईंनी सगळं उलगडून लिहिलं होतं. मला निम्मं कळत नव्हतं, मी नुसता वाचत होतो, आणि काका एकेक वाक्य मराठीत करत होते. मला शिकवण्यासाठी नाही, स्वतःला ऐकवण्यासाठी.

"नी म्हणजे आणि नव्हे. नी म्हणजे जन्माची. नाव बदलल्याच्या जाहिरातीत आपण लिहितो ना, पूर्वाश्रमीची, तसं. ॲग्नेस, पूर्वाश्रमीची कॅम्पबेल. माहेरचं आडनाव."

"मग रॉबर्ट कॅम्पबेल पर्डी? मधलं नाव बापाचं…"

"त्यांच्यात आईचं माहेर लावतात मध्ये. रॉबर्ट आर्चिबाल्डचाच मुलगा. एकुलता एक. गिरणी त्यानेच चालवली. बापाला त्यानेच मूठमाती दिली."

"मग कॅम्पबेल?"

"नाही."

"नाही म्हणजे? वारला?"

"नव्हताच."

मागची गाडी हॉर्न देत होती. मी चार फूट पुढे सरकलो नि थांबलो. मला खरंच वाईट वाटलं. सहा वर्षं आम्ही त्याला बर्फातून, जंगलातून चालवला होता, त्याला भूक लागली की आम्हाला लागायची. पण पत्र अजून संपलं नव्हतं.

"वाच," काका म्हणाले. "शेवटचा पॅरा."

"ॲज फॉर युवर पोस्टस्क्रिप्ट…" मी वाचलं. "वुई हॅव नो… मिस्टर अ-भि-जित चिट-निस."

मी थांबलो.

"वाच, दिनेश."

बाईंनी लिहिलं होतं की तुम्ही ताजा कलममध्ये ज्या तरुणाची चौकशी केली आहे, तो आमच्या गावच्या फोनच्या पुस्तकात नाही, मतदारयादीत नाही. चर्चमध्ये, दुकानांत विचारलं. असा मुलगा इथे राहिल्याचं कुणाला आठवत नाही. आय ॲम सो सॉरी.

आता कळलं, पाकिटं डिंकाने बंद करून का मिळायची. त्या परगण्यात बायबलचा मालक राहत होताच, पण त्या परगण्यातल्या कॉलेजात अभिजित गेला होता. गावामागून गाव, पत्रामागून पत्र, वर आर्चिबाल्ड पर्डी आणि तळाला दोन ओळींचा मुलगा. सरळ मुलगाच शोधतोय असं लिहायला हात धजावत नव्हता.

"हे शेवटचं गाव होतं," काका म्हणाले. "यादी संपली."

मग त्यांनी समोर बघत सांगितलं, मालाची यादी वाचावी तसं. "शिक्षण अर्धवट टाकलं त्याने. फोन केला. डॅड, आय ॲम नॉट कमिंग बॅक. मी म्हटलं, मग पुन्हा फोन करू नकोस, पत्र पाठवू नकोस. आणि जेवायला बसलो." ते थोडं हसल्यासारखं करून म्हणाले, "लहानपणापासून एक शब्द ऐकला नाही रे माझा. अभ्यास कर म्हटलं तर खेळायचा, झोप म्हटलं तर टीव्ही. हे एवढं एकच ऐकलं."

शिक्षण अर्धवट टाकलेल्या माझ्याकडून रोज सकाळी वाचून घेणारा माणूस हे बोलत होता. मला काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "काका, आता ॲग्नेसचं माहेर शोधू. कॅम्पबेल घराणं. ते तर दुसऱ्या परगण्यात असेल ना? तिथली गावं…"

त्यांनी माझ्या हातातून कागद घेतला, घडी केली, खिशात पेनांच्या मागे ठेवला.

"खलास," ते म्हणाले.

हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. शेजारच्या गाडीतला माणूस काच खाली करून माझ्यावर ओरडत होता, "यल्ला, यल्ला!" रस्ता मोकळा झाला होता आणि मी गिअर टाकायचा विसरलो होतो.

त्यानंतर आठ दिवस आम्ही जॅममध्ये गप्प बसलो. मी सांगतो, शारजाचा जॅम खरा किती लांब आहे ते मला त्या आठ दिवसांत कळलं. सावंतांनी एकदा सवयीने "काय ओ चिटणीसानू" एवढं म्हटलं आणि काकांचा चेहरा बघून हेल्मेट पुसत बसले. वॉचमन म्हणाला, पानी कल आयेगा, तर काका म्हणाले, "अच्छा." तो बिचारा पुराव्याची वाट बघत दारात उभाच राहिला. त्या 'अच्छा'ने मला जेवढी भीती वाटली, तेवढी रोला चौकातल्या पोलिसांचीही वाटली नव्हती.

मग सर्वपित्री आली. शुक्रवार होता, सुट्टी. काकांनी नेहमीसारखा सकाळी स्वयंपाक केला, मी पानं धुतली. गच्चीवर आलो. डिशच्या छत्र्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत त्यांनी आर्चिबाल्डचं पान मांडलं. शेजारी ॲग्नेसचं. पावाचे तुकडे, लोणी. मग त्यांनी तिसरं पान उलगडलं.

वरणभात, वडा, खीर. पण यावर लोण्याचा पाव नव्हता. कोपऱ्यात बटाट्याचे वेफर्स आणि लाल सॉसचा एक ठिपका होता. शाळेतून आलेल्या दुबईच्या पोराला आवडतो तसा.

मी आणि सावंत एकमेकांकडे बघत राहिलो.

"काका, हे कुणाचं?"

"सहा वर्षं मी एका माणसाला पुराव्याशिवाय जिवंत धरलं," काका पानावर पाणी फिरवत म्हणाले. "तो नव्हताच. तसं मग दुसऱ्याला तरी कशावर धरायचं? काही कागद नाही. फोन नाही, पत्र नाही. कागद नाही म्हणजे नाही. खलास." आणि ते टाकीच्या सावलीत जाऊन उभे राहिले, हात पाठीमागे बांधून.

"कावळो इलो," सावंत हळूच म्हणाले.

समोरच्या बिल्डिंगच्या एसीवरून एक कावळा उडाला आणि आमच्या कठड्यावर बसला. दरवर्षी आम्ही त्याची तासतासभर विनवणी करायचो. त्या दिवशी मेल्याला घाई. त्याने मान वाकडी करून पहिलं पान बघितलं, दुसरं बघितलं. मग उडी मारून सरळ वेफर्सकडे निघाला.

मी काकांपुढे कधी आवाज चढवला नव्हता. त्यांच्या भाकरीवर उभा असलेला माणूस मी. पण माझ्या तोंडातून निघालं, आणि इतक्या जोरात की खालचा वॉचमन वर बघायला लागला.

"पुरावा काय?"

काका वळले.

"तो गेल्याचा पुरावा काय, काका? कागद दाखवा! फोनच्या पुस्तकात नाव नाही, हा काय पुरावा झाला? माझं तरी नाव आहे का इथल्या फोनच्या पुस्तकात? तुमचं आहे?" मी पायातली चप्पल काढली आणि कावळ्याच्या दिशेने भिरकावली. "हाड्! हाड् मेल्या!" सावंत दोन्ही हात पसरून दुसऱ्या बाजूने धावले. कावळा काव काव करत टाकीवर गेला. चप्पल चार मजले खाली गेली.

पितरांच्या दिवशी कावळा हाकलणारी माणसं शारजात तरी आम्हीच असू. मला धाप लागली होती. आता काका काय म्हणतात, खोलीतून काढतात की काय, कुणास ठाऊक. बोलणं झालंच होतं म्हणून आणखी एक बोललो. "बॉक्सची किल्ली माझ्याकडे आहे. मी रोज उघडतो. रोज."

काका सावकाश आले, तिसऱ्या पानासमोर मांडी घालून तापल्या फरशीवर बसले. कावळा टाकीवरून बघत होता.

"पेंडिंग," ते म्हणाले, पण आवाज ऑफिसातला नव्हता.

आणि ते पान ते स्वतः जेवले. आधी सॉस, मग मऊ पडलेले वेफर्स, मग भात. एक शीत न ठेवता, खाली मान घालून. पोर खेळायला पळून गेल्यावर बाप त्याच्या ताटातलं उरलेलं संपवतो तसे.